एका स्टेशनाचं अंतर

निडीच्या फलाटावर तुमच्याशिवाय सहाच माणसं आहेत आणि त्यांतला एक तुमचा चुलतभाऊ आहे. तो पार टोकाला पाठ करून उभा आहे. आषाढाची सर नुकतीच येऊन गेली. रुळांपलीकडच्या खाचरांत लावणी चालू आहे. इरली गेली, त्यांच्या जागी निळं-पिवळं प्लास्टिक आलं. तुमच्या काखेत फाइल आहे. तिच्यात सातबारा, फेरफाराचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि वकिलाने दिलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या. वाद बांधाचा, जमीन दीड गुंठा. तुम्ही वादी, तो प्रतिवादी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्ही दोघं ती इतक्या वेळा चढलात की आता शहाणपणाचा विषय कोणी काढत नाही.

फाइलच्या तळाशी एक कागद आहे. त्याची कैफियत. तिची नक्कल वकिलाने गेल्या दिवाळीत तुमच्या हातात दिली होती. तुम्ही ती वाचलेली नाही. खोटंच लिहिलं असणार, ते काय वाचायचं?

दिव्याहून आलेली गाडी थांबते. पुढचंच स्टेशन रोहा, जेमतेम काही मिनिटांचं अंतर. खिडकीशी बसा, फाइल मांडीवर घ्या आणि डोळे मिटा. गाडी सुटताना झटका बसेल, त्याला घाबरू नका. एका स्टेशनाच्या अंतरात तुम्हाला एका न्यायाधीशाच्या आयुष्यात जाऊन यायचं आहे. महादेव गोविंद रानडे. जन्म १८ जानेवारी १८४२, निफाड. प्रत्येक मुक्कामावर तुम्हाला वेगळं सोंग मिळेल. अट एकच, बोलायचं नाही. ऐकायचं.

मुंबई, १८६० नंतरची वर्षं. सोंग: विद्यार्थी

हातात दौत, बोटांना शाई. तुम्ही एल्फिन्स्टनच्या वर्गात आहात. मुंबई विद्यापीठ निघालं ते १८५७ साली, त्यामुळे इथली प्रत्येक परीक्षा नवी, प्रत्येक पदवी नवी. बाकावर तुमच्या शेजारी मोठ्या हाडापेराचा, वाचून वाचून डोळे लाल झालेला एक मुलगा बसला आहे. शाळा कोल्हापूरला झालेली, वडील तिकडे संस्थानात नोकरीला. १८६२ साली तो बी.ए. होईल, पुढे एम.ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी घेईल. आज मात्र तो अडचणीत आहे.

त्याने निबंधात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली आहे, आणि माप मराठ्यांच्या बाजूला झुकलं आहे. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पंडित, पुढे स्कॉटलंडात एडिंबरा विद्यापीठाचा प्रमुख होणारा माणूस. त्याचं म्हणणं साधं आहे, जे सरकार तुला शिकवतं त्याची तू निंदा करू नयेस. शिक्षा, सहा महिने शिष्यवृत्ती बंद.

तुम्ही शेजारच्या मुलाकडे बघता. तो चिडेल, निदान कुरकुरेल, अशी तुमची अपेक्षा. तो पुस्तक उघडतो. ग्रँटबद्दल तो पुढे कधी कडवट बोलणार नाही, पण म्हणणंही सोडणार नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्याचं पुस्तक १९०० साली छापून येईल. एका निबंधावरच्या निकालाविरुद्ध सुमारे चाळीस वर्षं पुरावा जमवायचा आणि मग अपील दाखल करायचं, असा हा माणूस आहे.

पुणे, डिसेंबर १८७३. सोंग: घरचा पाहुणा

वाड्याच्या ओसरीवर समई आहे. तुम्ही उपरणं गुंडाळून खांबाला टेकला आहात. थंडी मी म्हणते आहे.

रानडे आता एकतीस वर्षांचे आहेत आणि विधवाविवाहाच्या चळवळीतलं ठळक नाव आहेत. पहिली बायको ऑक्टोबरात गेली. आता हा मुलगा विधवेशी लग्न करणार, ही धास्ती वडिलांनी घेतली आणि महिना-दीड महिन्यात दुसरं लग्न ठरवून टाकलं. मुलगी देवराष्ट्र्याची, कुर्लेकरांच्या घरची, अकरा वर्षांची. मुलाने विरोध केला. वडील हटले नाहीत. शेवटी मुलगा हटला.

वाड्याबाहेर लोक काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येतं. बोलायचं एक, करायचं एक. या आरोपावर बचाव नाही, आणि तुम्हीही तो शोधू नका. वडिलांचं ऐकलं गेलं, मुलाचं थोडंफार ऐकलं गेलं, अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलंच नाही. कोर्टाच्या भाषेत याला एकतर्फी म्हणतात.

आतल्या खोलीत दिवा अजून जळतो आहे. नवरा बायकोला विचारतो आहे, वाचता येतं का? येत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून पाटी येते, पाटीवर मुळाक्षरं येतात. घरातल्या बायका नाकं मुरडतात, टोमणे मारतात. मुलगी टोमणेही खाते आणि अक्षरंही गिरवते. त्या एकतर्फी खटल्यात तिची कैफियत दाखल होईल ती १९१० साली, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या नावाने. तोवर न्यायाधीश जाऊन नऊ वर्षं झालेली असतील, आणि रमाबाई रानडे हे नाव पुण्याच्या सेवासदनाशी जोडलं गेलेलं असेल.

धुळे, १८७९. सोंग: टपालवाला

खांद्याला थैली, पायांत वहाणा, वरून उन्हाळा संपता संपत नाही. तुम्हाला एका न्यायाधीशाच्या बंगल्यावर टपाल द्यायचं आहे. पाकीट हातात घेता आणि अंगठ्याखाली काहीतरी वेगळं लागतं. डिंक दुसऱ्यांदा लावला आहे. आधी कोणीतरी उघडून वाचलं, मग चिकटवलं.

कारण तुमच्या ओळखीचं आहे. रोज तुमची गाडी पनवेल करून येते. त्या पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी या वर्षी पुण्याच्या आसपास बंड उभारलं आहे. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाले. एकेकाळी रानड्यांची व्याख्यानं ऐकायला फडके पुण्यात श्रोत्यांत बसत. सार्वजनिक सभेची निवेदनं, देश गरीब का होतो त्यावरची भाषणं, या सगळ्यामागे एकच डोकं आहे असं सरकारातल्या काहींना वाटतं. म्हणून रानड्यांची बदली, आधी नाशिक, मग थेट धुळे.

आज थैलीतलं एक पत्र आणखी विचित्र आहे. फडक्यांच्या माणसांच्या नावाने आलेलं, बेत सांगणारं. हे पत्र घरात ठेवलं तर गुन्हा, फाडलं तरी संशय. रानडे ते पोलिसांकडे पाठवून देतात. पुढचं आलं, तेही पाठवतात. कोणी त्यांच्यावर आरोप ठेवत नाही, त्यामुळे कोणी त्यांचं ऐकूनही घेत नाही. महिने असेच जातात. मग एक इंग्रज अधिकारी फिरायला नेऊन सांगतो की तुमच्यावर नजर होती, आता तो संशय गेला.

थैली रिकामी करून तुम्ही परत फिरता. इतरांचे खटले चालवणारा माणूस स्वतः कित्येक महिने खटल्याविना आरोपी होता, आणि या काळात त्याच्या कोर्टातलं काम एकही दिवस अडलं नाही.

नगर जिल्हा, १८८० नंतर. सोंग: कुळ

आता पागोटं तुमचं आहे, फाटकं घोंगडंही तुमचंच. तळहात बघा, नांगराच्या रुमण्याने घट्टे पडलेले. तुम्हाला लिहिता येत नाही. कागदावर सही करायची वेळ आली की कारकून तुमच्या नावापुढे नांगराची खूण काढतो. निशाणी नांगर. त्या खुणेखाली काय लिहिलं आहे हे तुम्ही आजवर कधी विचारलं नाही.

गोष्ट अशी. बापाच्या काळात सावकाराकडून पन्नास रुपये घेतले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली. कायदा करणाऱ्यांना वाटलं, जुनाट दाव्यांपासून कुळ वाचेल. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार दावा लावायची धमकी देऊन नवं खत लिहून घेऊ लागला आणि साचलेलं व्याज नव्या मुद्दलात घालू लागला. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा कर्ज हसत मिळालं. यादवी संपली, भाव पडले, त्यातच शेतसारा वाढला. पन्नासाचे तीनशे झाले. अधेमधे तुम्ही बैलजोडी दिलीत, जोंधळा दिलात, कडबा दिलात. पावती एकाचीही नाही.

१२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी असल्याच खतांवर राग काढला होता. सावकारांची दुकानं फोडली आणि खतं बाहेर काढून जाळली. माणसाला मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. शत्रू कोण, हे त्यांना नीट माहीत होतं. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, हे चार जिल्हे. तुमचा कुलाबा जिल्हा त्यात नव्हता.

आंब्याच्या झाडाखाली तंबू ठोकला आहे. या कायद्याखालचे निकाल तपासत रानडे गावोगाव फिरतात. बैलगाडी, दप्तराच्या पेट्या, कारकून, बरोबर रमाबाई. डोळे अधू झाल्याने ते कागद स्वतः फारसे वाचत नाहीत, वाचून घेतात. कारकून तुमचं प्रकरण मोठ्याने वाचतो. खत तीनशेचं, साक्षीदार दोन, निशाणी नांगर. खालच्या कोर्टाने कागद पाहिला, कागद खरा निघाला, हुकूमनामा दिला.

मग तो प्रश्न येतो, ज्यासाठी तुम्हाला इथे आणलं. व्यवहार सुरू कुठून झाला?

तुम्हाला वाटतं ऐकण्यात चूक झाली. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पण कायद्याचं बाराव्या कलमातलं बोलणंच हे आहे की कोर्टाने खताच्या तारखेपाशी थांबू नये. पहिल्या रुपयापासून हिशेब उकलावा. चक्रवाढ धरू नये, कुळाने दिलेलं वजा करावं, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नये. दामदुपटीचा हा नियम आपल्या धर्मशास्त्रातलाच. देणं ठरेल त्याचे हप्ते पाडावेत. आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये.

सावकाराला बोलावणं जातं. तो चडफडत वह्या घेऊन येतो. तुम्हाला वाटतं, आता याची जिरणार. पण इथेच जरा थांबा आणि त्याचंही ऐका, कारण समोरचा माणूस ऐकतो आहे. सावकार म्हणतो, सरकारचा हप्ता ठरल्या तारखेला भरावा लागतो, पाऊस पडो न पडो. त्या दिवशी हा माझ्या दारात येतो. मी दिलं नाही तर सरकार याची जमीन घेईल. मग मी बुडालेली खाती कुठून भरून काढू?

रानड्यांना हे नवं नाही. साऱ्याचा ताठरपणा आणि स्वस्त भांडवलाचा दुष्काळ ही दुखण्याची मुळं आहेत, हे त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून सांगितलेलं आहे. सावकार हा रोग नसून रोगाची खूण, असं मानणारा न्यायाधीश कुळालाही पुरता खूश करत नाही आणि सरकारला तर मुळीच नाही. पण प्रकरण परत जातं, वह्या पहिल्या पानापासून उघडल्या जातात आणि तीनशेचा आकडा शंभराच्या आत येतो, हप्त्यांनी.

तंबूबाहेर पडताना तुम्ही मागे वळून पाहता. कारकून दुसरं प्रकरण वाचायला लागला आहे. निशाणी नांगर.

पुणे, १८९०-९२. सोंग: चहा प्यालेला एक

ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, ऑक्टोबर १८९०. नंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. तुम्ही प्यालात. गोड होता.

चहाची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि शहर पेटलं. यादीत रानडे आहेत, टिळकही आहेत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य सुरू झालं. घरी श्राद्धाला भटजी येईनात, मुलींना स्थळं येईनात. तुमची आई तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही प्रायश्चित्त घ्यायचं म्हणता तर सुधारक हसतील, न घ्यावं तर घर बुडेल.

१८९२ साली रानडे प्रायश्चित्त घेतात. ज्यांच्या घरांत कोंडी झाली होती अशा मित्रांना मोकळं व्हायचं होतं. एकटा मोठा माणूस बाहेर राहिला तर त्यांचा मार्गही बंद. सनातनी म्हणाले, वाकवला. सुधारक म्हणाले, वाकला. शहरातल्या दोन्ही टोकांचं पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एकमत झालं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घरचा अबोला सुटला. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, हे तुम्हाला आजही ठरवता येत नाही. चूक असेलही. पण किंमत कुणी मोजली याचा हिशेब पहिल्या पानापासून मांडला तर सगळी रक्कम त्यांच्याच नावे निघते.

मुंबई, जुलै १८९७. सोंग: पट्टेवाला

हे सोंग तुम्हाला सगळ्यांत बेतशीर बसेल, कारण या वेळी तुम्ही निडीचेच आहात. नागोठण्याला आंबा नदीच्या खाडीत भरतीची वाट पाहिलीत, होडीत बसलात, धरमतरच्या खाडीतून मुंबईला उतरलात आणि ओळखीने उच्च न्यायालयात चिकटलात. छातीवरून आडवा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. गावी पैसे पाठवता. गावचा कागद आला की शेजारच्या कारकुनाकडून वाचून घेता.

इमारत १८७९ च्या जानेवारीपासून वापरात आहे. दगडी, उंच, चर्चसारखी. एका खांबावर माकड कोरलं आहे, त्याच्या हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. दगडकामातल्या कोणा ठेकेदाराने कोर्टात हरल्यावर हा सूड घेतला, असं जुने पट्टेवाले सांगतात. साहेब लोक त्याच्याकडे बघत नाहीत.

रानडे इथे आले १८९३ साली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांच्या जागी. आज ते न्यायमूर्ती पार्सन्स यांच्या शेजारी बसले आहेत. बाहेर पाऊस कोसळतो आहे. आत माणसं दाटीवाटीने उभी. एका जामिनाचा अर्ज आहे.

अर्ज बाळ गंगाधर टिळकांचा.

तुम्ही दाराशी उभे आहात, पण हवेतला ताण तुम्हालाही कळतो. जूनमध्ये पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ‘केसरी’तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा आरोप आला. आणि अर्जदार कोण? ज्याने दोन वर्षांपूर्वी पुण्यात काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरू दिली नाही. ज्याने रानड्यांनी वाढवलेली सार्वजनिक सभा त्यांच्या हातून काढून घेतली, म्हणून त्यांना डेक्कन सभा वेगळी काढावी लागली. आणि चहाच्या यादीत ज्याचं नाव शेजारी होतं, तोच.

जामीन दिला तर म्हणतील, आपल्या माणसाला सोडला. नाकारला तर म्हणतील, जुना हिशेब चुकता केला. या खुर्चीत बसून मनातलं सांगायची सोय नाही. निकाल थोडक्यात येतो. जामीन नाही.

गर्दी पांगते. व्हरांड्यात शिव्या ऐकू येतात, त्या तुम्ही ऐकायच्या, बिल्ला सरळ करायचा. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी टिळकांना जामीन देतील. त्यासाठी उभे राहणारे बॅरिस्टर दावर पुढे न्यायाधीश होतील आणि १९०८ साली त्याच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावतील. या इमारतीत माणसांच्या जागा अशा बदलतात, खांबावरचं माकड तेवढं जागचं हलत नाही.

संध्याकाळी रानड्यांची कागदपत्रं उचलून ठेवताना तुमच्या मनात प्रश्न येतो, आज ते बरोबर वागले का? विचारता येणार नाही, अट आहे. तय्यबजींचा निर्णय तुम्हाला जास्त आवडतो, तो आवडू द्या. रानड्यांनी तुमच्या आवडीची फिकीर केली असती तर ते एव्हाना पुढारी झाले असते.

मुंबई, जानेवारी १९०१. सोंग नाही

१६ जानेवारीच्या रात्री ते गेले. एकोणसाठावं वर्ष पुरं व्हायला दोन दिवस कमी होते. तुम्ही गर्दीत आहात, बिल्ल्याशिवाय. पागोटी आहेत, हॅटी आहेत, कॉलेजातली पोरं आहेत.

काही दिवसांनी ‘केसरी’ येतो आणि कारकून मोठ्याने वाचायला लागतो. लिहिणारे टिळक आहेत. महाराष्ट्र थंड गोळ्यासारखा पडला असताना त्याला पुन्हा ऊब आणायचं काम या माणसाने केलं, अशा अर्थाचं ते लिहितात. वर्षानुवर्षं भांडलेला प्रतिपक्ष प्रेतापुढे बाजू मांडतो आहे, आणि ती अर्ज नाकारणाऱ्याच्या बाजूची आहे. कारकून वाचताना मध्येच थांबतो. तुम्ही त्याला म्हणत नाही, पुढे वाच. तो आपण होऊन वाचतो.

रोहा, आज

ब्रेक लागतो. डोळे उघडा. फलाटावर ‘रोहा’ लिहिलं आहे. पलीकडच्या डब्यातून चुलतभाऊ उतरतो आणि छत्री उघडतो. दोघांच्या रिक्षा वेगळ्या, कोर्ट एकच.

बाकावर जागा मिळते. साहेब अजून बसलेले नाहीत. वकील म्हणतो, आज पुरावा होईल असं दिसत नाही, तारीखच पडेल. तुम्ही मान हलवता आणि फाइल उघडता. सातबारा बाजूला ठेवता. फेरफार, नकाशा, चिठ्ठ्या. तळाशी हात घालून दिवाळीपासून पडलेला कागद काढता.

कैफियत टाइप केलेली आहे, शाई पुसट. पहिला परिच्छेद नेहमीचा, वादीचं म्हणणं मान्य व कबूल नाही. दुसरा परिच्छेद गाव, गट नंबर, चतुःसीमा. तिसऱ्यात तो व्यवहार सुरू कुठून झाला ते सांगतो. २६ जुलै २००५. पुराने बांध धुऊन गेला, खाचरात वाळू भरली. वादी त्या वेळी मुंबईत अडकलेले होते. गणपतीच्या आधी प्रतिवादीने स्वतःच्या खर्चाने, वादीच्या आईला विचारून, बांध पुन्हा घातला. जुनी खूण उरलेली नव्हती.

आईला विचारून. आई आता नाही. तेव्हा फोन लागत नव्हते, आणि लागले तेव्हा तिने बांधाचं काही सांगितलं होतं की नाही, हे तुम्ही आठवून पाहता.

दारातून शिपायाचा पुकारा येतो. आधी तुमचं नाव, मग त्याचं. समोरच्या बाकावरचा चुलतभाऊ उठतो आणि तुमच्या हातातल्या कागदाकडे बघून क्षणभर थबकतो.

शिपाई दुसऱ्यांदा पुकारतो. तुमचं बोट अजून तिसऱ्या परिच्छेदावर आहे.